सहा मिनिटं चालून दाखवा: दम लागणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न

मी सिंधुदुर्गात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. छातीच्या डॉक्टरांनी "चालायची टेस्ट करून या" असं चिठ्ठीवर लिहिलं की माणसं आमच्या कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर येऊन बसतात आणि विचारायला लागतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी चालायला पाठवलं. ही कसली तपासणी?

सपाट, सरळ, टणक जमिनीवर तीस मीटरचा पट्टा आखलेला असतो. दोन्ही टोकांना रस्त्याच्या कामावर दिसतात तसले केशरी कोन ठेवलेले असतात. तुम्ही एका कोनापासून दुसऱ्या कोनापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. असं सहा मिनिटं. धावायचं नाही, पण रमतगमतही नाही. आपल्याला झेपेल तेवढं जास्तीत जास्त अंतर कापायचं. बोटाला ऑक्सिमीटर असतो. शेवटी किती मीटर झाले ते मोजायचं, झालं. सुई नाही, उपाशीपोटी येणं नाही, नळ्या नाहीत.

फुंकायची तपासणी गेल्याच महिन्यात झाली. मग परत चालायचं कशाला?

फुंकून जी होते ती स्पायरोमेट्री. तुमच्या श्वासनळ्यांतून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते, ते ती सांगते. पण बाजारात जाऊन यायला नुसती फुफ्फुसं पुरत नाहीत. हृदय लागतं, रक्तात हिमोग्लोबिन लागतं, मांड्यांत ताकद लागते आणि "मला जमेल" असा भरवसाही लागतो. फुंकण्याचा आकडा अगदी सारखा असलेली दोन माणसं माझ्यासमोर एकाच सकाळी चालली आहेत. एकाने चारशेच्या वर मीटर काढले, दुसरा अडीचशेला भिंत धरून उभा राहिला. दुसरा गेली दोन वर्षं दम लागेल म्हणून घराबाहेरच पडत नव्हता. चालणं सोडलं की स्नायू सुकतात, आणि सुकलेल्या स्नायूंना तेवढंच काम करायला जास्त श्वास लागतो. म्हणजे दम वाढला तो बराचसा पायांमुळे. हे फुंकण्याच्या मशीनला कळत नाही.

दुसरं असं की आपल्याकडे माणूस स्वतःच स्वतःला फसवतो. विचारलं, "दम लागतो का?" तर उत्तर येतं, "नाय, मी बरो आसंय." मग मी विचारते, देवळाची पाखाडी शेवटची कधी चढलात? थोडा वेळ शांतता. मग सून मागून सांगते, दोन वर्षांपूर्वी, जत्रेला. दम लागत नाही हे खरंच असतं, कारण दम लागेल असं काही करायचंच त्यांनी सोडून दिलेलं असतं. गणपतीला मुंबईहून मुलगा येतो तेव्हा त्याला अचानक दिसतं की आई विहिरीवरून येताना तीनदा थांबते. रोज बघणाऱ्या घरच्यांना ते दिसत नाही.

कोणाला ही टेस्ट सांगतात?

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार, आयएलडी म्हणजे फुफ्फुसं आतून घट्ट होत जाण्याचे आजार, ब्राँकिएक्टेसिस म्हणजे श्वासनळ्या कायमच्या फुगून रुंद होण्याचा आजार, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेले रुग्ण, टीबी बरा होऊनही फुफ्फुसाला व्रण राहिलेले. हृदय कमजोर असलेल्यांनाही सांगतात. फुफ्फुसाच्या मोठ्या ऑपरेशनच्या आधी सांगतात.

विडी-सिगारेट कधी ओढली नाही म्हणून सीओपीडी होणार नाही, असं समजू नका. आमच्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये आयुष्यात विडीला हात न लावलेल्या पुष्कळ असतात. चाळीस वर्षं चुलीसमोर बसलेल्या. आता गॅस आला, पण आंघोळीचं पाणी तापवायला मागीलदारी चूल आहेच, आणि पावसात ओली लाकडं जास्तच धुमसतात.

सहाच मिनिटं का? पाच नाही, दहा नाही?

सुरुवात बारा मिनिटांपासून झाली. केनेथ कूपर या अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये तरुण, धडधाकट माणसांसाठी बारा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर कापण्याची चाचणी मांडली. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये जुन्या ब्राँकायटिसच्या रुग्णांना बारा मिनिटं चालवून पाहिलं. उपयोग झाला, पण आजारी माणसाला बारा मिनिटं म्हणजे शिक्षाच. मग १९८२ मध्ये दोन, सहा आणि बारा मिनिटं अशी तुलना झाली. दोन मिनिटांत फारसा फरक दिसत नाही, बारात माणूस दमून जातो; सहा मधलं निघालं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये त्याचे नियम छापले, आणि २०१४ मध्ये युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीबरोबर मिळून ते सुधारले. आज जगभर साधारण त्याच नियमांनी चालवतात.

येताना काय घालू, काय खाऊ, औषध घेऊ की नको?

रोजची औषधं, पंप, सगळं नेहमीसारखं घ्या. पंप किती वाजता घेतला ते आम्हाला सांगा. पोटभर जेवून येऊ नका. पेज पिऊन आलात तर उत्तम. आदल्या दोन तासांत दमछाक होईल असं काही करू नका. हे मी मुद्दाम सांगते, कारण सकाळची एसटी चुकू नये म्हणून धावत स्टँड गाठलेला माणूस थेट टेस्टला उभा राहतो आणि मग "आज काय जमला नाय" म्हणतो. अर्धा तास आधी या. निदान दहा मिनिटं खुर्चीत स्वस्थ बसल्याशिवाय आम्ही सुरू करत नाही.

चपला रोज ज्या घालून चालता त्याच, फक्त झिजलेल्या रबरी स्लिपर नकोत. आमची फरशी गुळगुळीत आहे, आणि पावसाळ्यात कोणीतरी छत्री झटकलेली असतेच. लेकाने मुंबईहून आणलेले कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. काठी घेऊन चालत असाल तर काठी घेऊनच टेस्ट द्या, आणि पुढच्या वेळीही तीच आणा. नखांना रंग असेल तर निदान एका हाताचा काढून या. ऑक्सिमीटर त्याने चुकतो.

टेस्ट चालू असताना नेमकं काय होतं?

आमच्याकडे गेल्या महिन्यात एक मासेविक्रेत्या आजी आल्या होत्या. त्यांचंच सांगते.

खुर्चीत बसवून रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन घेतला. मग भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्याला बोर्ग स्केल म्हणतात. शून्य म्हणजे दम अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. "आता किती?" "शून्य." पायांचा थकवा किती? "तोही शून्य, मी काय म्हातारी झालंय?" त्यांच्या वयाचा रकाना मी आधीच भरला होता, त्यामुळे गप्प बसले.

घड्याळ सुरू केलं. पहिल्या दोन फेऱ्या त्या बाजाराला उशीर झाल्यासारख्या गेल्या. बहुतेक सगळे असंच करतात. तिसऱ्या मिनिटाला पाऊल लहान झालं, खांदे वर यायला लागले, पदराचं टोक उजव्या मुठीत आवळलेलं. दर मिनिटाला मी ठरलेलं वाक्य ठरलेल्या आवाजात म्हणत होते: "छान चाललंय, अजून तीन मिनिटं आहेत." चौथ्या मिनिटाला त्या खिडकीच्या कठड्याला रेलून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे गेले, ऑक्सिजन बघितला, पण घड्याळ थांबवलं नाही. अठ्ठावीस सेकंदांनी त्या परत निघाल्या.

सहा मिनिटं झाल्यावर "थांबा" म्हटलं. त्या जिथे होत्या तिथे खूण केली आणि खुर्ची त्यांच्याकडे नेली. दमलेल्या माणसाला खुर्चीपर्यंत चालवायचं नसतं. दम किती? "इल्लोसो." म्हणजे थोडासा. ओठ कोरडे, बोलताना दोन शब्दांमागे एक श्वास. म्हटलं, आजी, इल्लोसो म्हणजे दोन की सहा? तक्त्याकडे बराच वेळ बघून त्यांनी सहावर बोट ठेवलं. आणि मग, "काय गो, पास झालंय मां?"

म्हणजे यात पास-नापास असतं?

नसतं.

मध्येच थांबलो तर टेस्ट फुकट जाते का?

नाही. थांबा, भिंतीला टेका, बाकड्यावर बसा, जमेल तेव्हा परत निघा. फक्त घड्याळ चालू राहतं. किती वेळा आणि किती सेकंद थांबलात ते आम्ही लिहितो, कारण न थांबता केलेले ३०० मीटर आणि दोनदा थांबून केलेले ३०० मीटर वाचणाऱ्या डॉक्टरला वेगवेगळं सांगतात. पूर्णच सोडून द्यावं लागलं तरी तिथपर्यंतचं अंतर आणि सोडण्याचं कारण नोंदवलं जातं. लाजायचं काही नाही.

तुम्ही बरोबर का चालत नाही? आणि गप्पा का मारू देत नाही?

मी शेजारी चालले तर तुम्ही माझ्या वेगाने चालाल, आणि मला तुमचा वेग मोजायचा आहे. बोलण्याचंही तसंच. बोलायला श्वास लागतो. शिवाय आमच्या कॉरिडॉरमधून जाणारा प्रत्येक तिसरा माणूस रुग्णाच्या ओळखीचा निघतो, "खय गेल्लास?" म्हणून थांबवतो. म्हणून टेस्टच्या वेळी आम्ही शिपाईकाकांना दाराशी उभं करतो.

ठरलेली वाक्यं सोडून काही न बोलण्यामागेही कारण आहे. उत्तेजन दिलं की माणूस जास्त चालतो, हे १९८४ मध्येच अभ्यासातून दिसलं होतं. एका खेपेला मी "चला चला, शाब्बास" म्हटलं आणि दुसऱ्या खेपेला गप्प राहिले, तर तुमच्या आजारात काही बदललेलं नसताना आकडा बदलेल. घरच्यांनीही कॉरिडॉरच्या टोकाला उभं राहून टाळ्या वाजवू नयेत. हसू नका, घडलेलं आहे.

एकदा चाललो, अर्ध्या तासाने परत चालायला सांगितलं. काही चुकलं होतं का?

काही चुकलं नव्हतं. पहिल्यांदा माणूस बिचकतो, किंवा सुरुवातीला सगळा जोर घालवून बसतो. दुसऱ्यांदा त्याला अंदाज आलेला असतो. सरासरीने दुसऱ्या खेपेला सुमारे २६ मीटर जास्त होतात असं सापडलं आहे. म्हणून नियम असा की दोनदा घ्यायची, मध्ये निदान अर्धा तास सोडायचा आणि जास्त आलेलं अंतर धरायचं. गर्दीच्या ओपीडीत पुष्कळ ठिकाणी एकदाच घेतात. तसं झालं असेल तर पुढच्या वेळी वाढलेले वीस-पंचवीस मीटर नव्या औषधाच्या खात्यावर जमा करू नका.

किती मीटर म्हणजे नॉर्मल?

याचं एका आकड्यात उत्तर नाही. उंची, वय, वजन आणि तुम्ही बाई की पुरुष यावर ते ठरतं. जास्त वापरलं जाणारं एक सूत्र १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ४० ते ८० वर्षांच्या निरोगी माणसांवरून काढलेलं आहे. बायकांसाठी ते असं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले २.११, त्यातून वजन गुणिले २.२९ वजा करा, वय गुणिले ५.७८ वजा करा, आणि ६६७ मिळवा. १५० सेंटिमीटर उंच, ४८ किलो, ६२ वर्षांच्या बाईला ते साधारण ५१५ मीटर देतं. नॉर्मलची खालची हद्द त्याहून १३९ ने कमी, म्हणजे ३७६.

आता माझं मत. परदेशी सूत्रं आपल्या माणसांकडून बहुधा जास्तच अपेक्षा धरतात. ती मुळी काढली वेगळ्या अंगकाठीच्या आणि वेगळ्या सवयींच्या लोकांवरून. "अपेक्षेच्या ७० टक्के" असं रिपोर्टवर वाचून घाबरलेल्यांना मी सांगते की टक्क्याकडे एकदा बघा आणि सोडून द्या. मीटर लक्षात ठेवा. तुमची तुलना तुमच्या मागच्या कागदाशी.

तरी सीओपीडीत काही पायऱ्या डॉक्टर मनात धरतात. २००४ मध्ये आलेल्या बोड निर्देशांकात वजन, श्वासनळ्यांचा अडथळा, दम आणि चालणं अशा चार गोष्टींना गुण आहेत. चालण्यात ३५० मीटर किंवा जास्त असेल तर शून्य गुण, २५० ते ३४९ ला एक, १५० ते २४९ ला दोन, त्याखाली तीन. इथे गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त. हा हिशेब डॉक्टरांनी करायचा आहे, रात्री झोप येत नाही म्हणून घरी बसून तुम्ही नाही.

मागच्या वेळेपेक्षा २४ मीटर कमी आले. आजार वाढला का?

२०१४ च्या नियमांप्रमाणे साधारण ३० मीटरचा फरक पडला तरच तो खरा आणि जाणवणारा मानतात. त्याखालचा फरक रोजच्या चढउतारात जातो: झोप झाली नाही, सर्दी आहे, मे महिन्यातली दुपार आहे.

२४ हा आकडा माझ्या चांगला लक्षात आहे. पूर्वी मी जिथे काम करत होते तिथे कॉरिडॉरला रंग लावला, तेव्हा जमिनीवरच्या खुणा पुसल्या गेल्या. नंतर कोणीतरी कोन अंदाजाने ठेवले. तीन महिने मी त्यावरच टेस्ट घेतल्या. मग एकापाठोपाठ एक रुग्ण सुधारलेले दिसायला लागले, अगदी ज्यांनी घरी एक दिवस व्यायाम केला नव्हता तेसुद्धा. संशय आला म्हणून टेप लावली तर पट्टा अठ्ठावीस मीटरचा. बारा वेळा टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या माणसाचे मी ३६० लिहिले होते, तो प्रत्यक्षात ३३६ चालला होता. चोवीस मीटर मी माझ्या खिशातून वाटत होते. ते सगळे कागद लाल शाईने दुरुस्त केले, आणि ज्या डॉक्टरांकडे गेले होते त्यांना फोन केले. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी टेप बाहेर निघते.

पट्ट्याच्या लांबीचा आणखी एक परिणाम असतो. पट्टा आखूड असला की वळणं वाढतात, आणि प्रत्येक वळणावर वेग तुटतो. दहा मीटरच्या पट्ट्यावर सीओपीडीचे रुग्ण तीस मीटरच्या मानाने सुमारे ५० मीटर कमी चालले, असं मोजलेलं आहे. एका ठिकाणी छोट्या खोलीत टेस्ट झाली, दुसरीकडे लांब कॉरिडॉरमध्ये, तर दोन आकडे शेजारी ठेवून काही ठरवू नका. ट्रेडमिलवरचा आकडाही वेगळाच असतो.

चालताना ऑक्सिजन ९६ वरून ८६ वर आला. हे काय?

डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी ९६ असलेली फुफ्फुसं चालताना कमी पडतात, हे कळण्यासाठीच तर चालवतात. विशेषतः आयएलडीमध्ये अंतराच्या बरोबरीने, कधी जास्तच, या घसरणीला महत्त्व असतं. चालताना ८८ किंवा खाली गेला तर तो पुढच्या काळजीचा इशारा धरतात. ८० च्या खाली गेला तर आम्ही टेस्ट थांबवतो.

एक लक्षात ठेवा, बोटावरचं यंत्र हलत्या हातावर चुकतं, गार पडलेल्या बोटावर चुकतं, आणि सावळ्या कातडीवर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं. म्हणून आम्ही आकड्याबरोबर माणसाचा चेहराही बघतो.

कोरोनात घरी सहा मिनिटं चालायला सांगायचे. तीच का ही?

नातं आहे, पण काम वेगळं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य खात्याने घरी सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघायला सांगितलं होतं. ९३ च्या खाली गेला तर दवाखाना गाठायचा. तिथे अंतर कोणी मोजत नव्हतं, फक्त घसरण बघायची होती. इथे दोन्ही बघतो.

भोंग्यावर चालायची पण एक टेस्ट असते म्हणे?

असते. शटल वॉक. लेस्टरमध्ये तयार झाली, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन कोन नऊ मीटरवर ठेवतात, वळणं धरून फेरी दहा मीटरची. ध्वनिफितीवर भोंगा वाजतो. त्याच्या आत समोरच्या कोनाशी पोचायचं. पहिल्या मिनिटाला तीनच फेऱ्या, लग्नाच्या वरातीसारखा वेग. पुढच्या प्रत्येक मिनिटाला एक फेरी वाढते. बाराव्या मिनिटाला चौदा फेऱ्या. सगळ्या मिळून १०२ फेऱ्या, १०२० मीटर. फुफ्फुसाचे फारच थोडे रुग्ण तिथवर जातात. भोंग्याच्या वेळी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त मागे राहायला लागलात की संपलं.

सहा मिनिटांत वेग तुम्ही ठरवता, इथे भोंगा ठरवतो. त्यामुळे शरीराची कमाल ताकद यात नीट कळते, आणि जागाही कमी लागते. आमच्याकडे छोट्या दवाखान्यांत तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर मिळणं मुश्कील, दहा मीटर मिळतात. माझ्या मते ही टेस्ट इथे जास्त व्हायला हवी. तिचाच एक भाऊबंद आहे: ठरलेल्या एकाच वेगाने, जास्तीत जास्त वीस मिनिटं, किती वेळ चालता ते बघणारा. व्यायामाने झालेला फायदा त्यात ठसठशीत दिसतो.

कॉरिडॉरमध्ये ठीक चाललो, पण घराची घाटी चढताना जीव जातो. टेस्ट खोटी का?

खोटी नाही, अपुरी आहे. टेस्ट सपाटीवरची, आणि कोकणात सपाट आहे काय? रस्ता वर, घर खाली, विहीर त्याहून खाली. चढ चढताना स्वतःचं सगळं वजन उचलायचं असतं, वर हातात पिशवी. त्यामुळे रिपोर्ट ठीक असला तरी "आमच्या घराला इतक्या पायऱ्या आहेत आणि मी अमुक पायरीला थांबतो" हे डॉक्टरांना तोंडाने सांगा. मी तर पायऱ्या मोजूनच आणायला सांगते. एक आजोबा आंब्याच्या झाडांवरून सांगतात: पूर्वी पाचव्या कलमाला थांबायचो, आता तिसऱ्याला. याहून चांगली नोंद मला कुठल्या यंत्राने दिलेली नाही.

घरी खळ्यात करून बघू का? की तारकर्लीच्या किनाऱ्यावर?

किनाऱ्यावर नको. वाळूत पाय रुततो, मेहनत वाढते आणि अंतर कमी येतं.

खळ्यात चालण्याचा सराव जरूर करा, पण टेस्ट म्हणून एकट्याने जोर लावू नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. शिवाय शेणाने सारवलेलं खळं बहुधा पाणी जायला एका अंगाला उतरतं असतं. सोबत कोणी असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तर दुसरा सोपा प्रकार आहे: हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं, एका मिनिटात किती वेळा होतं ते मोजायचं. खुर्ची भिंतीला लावलेली हवी. प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते.

या टेस्टवरून व्यायाम कसा ठरवतात?

समजा तुम्ही ३६० मीटर चाललात. म्हणजे मिनिटाला ६०. सुरुवातीला त्याच्या ८० टक्के वेग धरतात, मिनिटाला ४८ मीटर. दहा मिनिटांत ४८० मीटर. हे लोकांना कसं सांगायचं, यात माझी बरीच वर्षं गेली. शेवटी सुंभावर आलं. दहा मीटरचा सुंभ कापून खळ्याच्या कडेने अंथरायचा, खळं लहान असेल तर पाणंदीत. टोकापासून टोकापर्यंत अठ्ठेचाळीस वेळा, दहा मिनिटांत. मोजायला खिशात काजूच्या बिया: प्रत्येक चार वेळांना एक बी या खिशातून त्या खिशात, बारा बिया संपल्या की व्यायाम संपला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागला पाहिजे. आठवड्याला वेळ थोडा थोडा वाढवत न्यायचा.

धोका आहे का?

नियम पाळले तर फार कमी. गेल्या महिनाभरात हार्ट अटॅक आला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल तर आम्ही टेस्ट घेत नाही. बसून नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना विचारतो. थुंकीत टीबीचे जंतू सापडत असतील तर सगळ्यांच्या कॉरिडॉरमध्ये टेस्ट नाही, उपचार आधी. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, झोक जायला लागला, घाम फुटून चेहरा पांढरा पडला तर लगेच सांगा. "पुरी करूनच थांबतंय" असा हट्ट इथे नको.

घरी ऑक्सिजन लावलेला आहे. सिलिंडर घेऊन चालायचं?

हो. जेवढ्या लिटरवर नेहमी असता तेवढ्यावरच. आणि सिलिंडर कोणी नेला, तुम्ही ओढलात की मुलाने मागून आणला, तेही लिहून ठेवतो. पुढच्या वेळीही तसंच करायचं.

मुंबईच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायचा आहे. त्यात काय असायला हवं?

नुसतं "३४० मीटर" लिहिलेला कागद घेऊ नका. पट्टा किती मीटरचा होता, टेस्ट एकदा झाली की दोनदा, किती वेळा थांबलात, ऑक्सिजन सुरुवातीला, सर्वांत खाली आणि शेवटी किती, नाडी, दमाचा आणि पायांच्या थकव्याचा आकडा, पंप किती वाजता घेतला, काठी होती का, ऑक्सिजन किती लिटर, हे सगळं लिहून घ्या. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवताना कागदाचा खालचा भाग कापला जातो. तो कापू नका, का थांबलात ते आम्ही तिथेच लिहितो.